रंगभूमीवरील उजेडाचीं चित्रें

संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळीं पडदे रंगविणारा चितारी हा नाटकमंडळीचा एक आधारस्तंभ असे. राजवाडा, उपवन, रस्ता आणि अरण्य असे चार उत्तम पडदे संग्रहीं असले, म्हणजे मंडळीचीं बहुतेक नाटकें त्यांवर भागत. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे पुढें चित्रपटांमुळें कीर्तीस चढले. पण त्यापूर्वीं ते नाटकांचे पडदे रंगवीत असत, हें आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस ठाऊक असेल. त्या रंगविलेल्या पडद्याच्या जागीं आतां अनेक नाट्यगृहांत केवळ उजेडानें काढलेलें चित्र येऊं लागलें आहे. तें क्षणांत उमटतें, क्षणांत मावळतें, आणि खेळ संपल्यावर गुंडाळून ठेवण्यास मागें कांहींच उरत नाहीं. हीं चित्रें योजण्याच्या विद्येस इंग्रजी रंगभूमीवर ‘प्रोजेक्शन डिझाईन’ असें म्हणतात; आपण तिला प्रक्षेपण-रचना म्हणूं.

ह्या विषयाकडे आमचें लक्ष वळण्याचें कारण घरगुती आहे. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या नाट्यशिक्षण घेत असतां ह्या शाखेकडे वळली. घरांत अर्थातच चर्चा झाली. वडिलांचा प्रश्न होता, ‘हें शिकून पुढें पोट भरेल काय?’ तिच्या आजीचा प्रश्न निराळा होता. त्या म्हणाल्या, ‘अगो, नाटकांत सिनेमाच दाखवायचा, तर मग नाटक कशाला?’ दोन्ही प्रश्न आमच्याकडे निर्णयासाठीं आले. वडिलांच्या प्रश्नास उत्तर आहे, आणि तें आम्ही यथावकाश देऊं. पण आजींचा प्रश्न अधिक खोल आहे, आणि ह्या विद्येंत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकास तो जन्मभर पुरणारा आहे असें आमचें मत झालें.

प्रथम हें स्पष्ट केलें पाहिजे कीं ही कल्पना कालपरवांची नव्हे. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स ह्यानें १६५९ सालीं कंदिलांतून दाखवावयाचीं चित्रें आपल्या वहींत काढून ठेवलीं होतीं. तीं एका हाडांच्या सांगाड्याचीं असून तो सांगाडा आपलेंच डोकें काढून हातीं घेतो, असा तो खेळ होता. म्हणजे जन्मतःच ह्या यंत्राची ओढ भुताखेतांकडे! १७९८ च्या सुमारास पॅरिस येथें रॉबर्टसन नांवाच्या गृहस्थानें हा कंदील चाकांवर बसविला. पडद्याच्या मागून तो पुढें-मागें सरकविला कीं प्रेक्षकांस पिशाच अंगावर धांवून येत असल्याचा भास होई. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेंत १८६२ च्या नाताळांत डिकन्सच्या एका कथेचा प्रयोग झाला, त्यांत तर पडदाहि नव्हता. रंगमंचाच्या पुढें एक मोठी स्वच्छ कांच तिरपी उभी केलेली. खालच्या खड्ड्यांत लपलेल्या नटावर प्रखर प्रकाश सोडला कीं त्याचें प्रतिबिंब कांचेंत उमटे आणि तें जिवंत नटांच्या शेजारीं भुतासारखें वावरे. हेन्री डर्क्स ह्याची ती मूळ कल्पना, पण नांव झालें प्रोफेसर पेपर ह्यांचें. कल्पना एकाची आणि कीर्ति दुसऱ्याची, हा प्रकार नाट्यसृष्टींत नवा नाहीं.

आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन ह्यांनीं १८९२ सालीं ‘शांबरिक खरोलिका’ ह्या नांवानें जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें पडद्यावर हालत, आणि पुराणांतील कथा त्यांच्या साह्यानें सांगितल्या जात. नांवाची निवड आम्हांस फार गोड वाटते. शंबर हा मायावी असुर, म्हणून अमरकोशांत मायेलाच ‘शांबरी’ म्हटलें आहे. दक्षिण कोंकणांत पिंगुळी येथील ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पाडून रामकथा सांगत आली आहेत. आणखी मागें गेल्यास तेराव्या शतकांतील सुभट कवीचें ‘दूतांगद’ स्वतःस छायानाटक म्हणवितें. त्या शब्दाचा नेमका अर्थ काय ह्याविषयीं पंडितांत वाद आहे, आणि तो वाद येथें आणण्याचें कारण नाहीं.

ह्या सर्व खेळांत एक गोष्ट समान होती. चित्र हेंच त्यांत मुख्य, किंवा निदान चमत्कार हा मुख्य. नाटकाच्या अर्थासाठीं प्रकाशचित्र वापरण्याचा खरा प्रयत्न बर्लिन येथें एर्व्हिन पिस्काटर ह्यानें केला. १९२५ सालीं त्यानें एका राजकीय नाटकांत पहिल्या महायुद्धाचे चित्रपट दाखविले. १९२७ च्या सप्टेंबरांत नोलेनडोर्फप्लाट्झ येथील नाट्यगृहांत अर्न्स्ट टोलर ह्याचें ‘होप्ला, आम्ही जगतों आहों’ हें नाटक त्यानें उभें केलें, तें आमच्या विद्यार्थिनीनें प्रथम अभ्यासावें अशा योग्यतेचें आहे. नायक एक क्रांतिकारक; त्याचीं आठ वर्षें वेड्यांच्या रुग्णालयांत गेलीं, आणि बाहेर येतो तों जग पार बदललेलें. हीं आठ वर्षें नटानें कशीं दाखवावींत? निवेदन करावें, तर तें कोरडें होतें. मधला काळ गाळावा, तर पुढच्या दुःखाचा पायाच नाहींसा होतो. पिस्काटरनें तेथें चित्रपट घातला. १९१९ पासून १९२७ पर्यंतचें जग पडद्यावरून झरझर सरकून गेलें, आणि ज्या माणसानें तें पाहिलेंच नव्हतें तो माणूस प्रेक्षकांपुढें उभा राहिला. येथें चित्रानें नटाचें काम हिरावून घेतलें नाहीं. नटास जें करतां येणेंच शक्य नव्हतें तेवढेंच केलें. आजींच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर ह्या एका प्रवेशांत आहे असें आम्ही म्हणूं.

दुसरें मोठें नांव योसेफ स्वोबोदा ह्यांचें. चेकोस्लोव्हाकियांतील चास्लाव्ह गांवीं १९२० सालीं ते जन्मले. वडील सुतारकाम करीत आणि मुलगाहि तेंच काम शिकला. पुढें सातशेंच्या वर नाट्यप्रयोगांची दृश्यरचना त्यांच्या हातून झाली. १९५८ सालीं ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनांत दिग्दर्शक आल्फ्रेड रादोक ह्यांच्यासह त्यांनीं ‘लातेर्ना माजिका’ सादर केली. लॅटिन भाषेंत त्याचा अर्थ जादूचा कंदील असाच आहे. पडद्यावरील नर्तक आणि रंगमंचावरील जिवंत नर्तक ह्यांत संवाद चाले, एकाचा हात दुसऱ्यास जाऊन मिळे. प्रेक्षक थक्क झाले. पुढें प्राग शहरांत त्या नांवाचें नाट्यगृहच उभें राहिलें.

परंतु ह्या यशांत एक कांटा होता. चित्रपट एकदां घेतला म्हणजे तो घड्याळाप्रमाणें चालतो. नटास शिंक आली, प्रेक्षकांचा हंशा लांबला, एखाद्या वाक्यावर आज विराम अधिक घ्यावासा वाटला, तरी पडद्यावरचा मनुष्य थांबत नाहीं. म्हणजे जिवंत माणूस यंत्राचा ताबेदार झाला. आमच्या संगीत रंगभूमीच्या रसिकांनीं ह्या अडचणीचा क्षणभर विचार करावा. बालगंधर्वांच्या पदाला ‘वन्स मोअर’ मिळाला असतां मागच्या पडद्यावरील चंद्रोदयानें काय करावें? पुन्हां मावळून पुन्हां उगवावें कीं काय?

आजच्या संगणकानें ही अडचण पुष्कळ दूर केली आहे. हल्लीं चित्र एका लांब फितीवर नसतें. त्याचे लहान लहान तुकडे केलेले असतात, आणि रंगमंच-व्यवस्थापकाची सूचना येईपर्यंत प्रत्येक तुकडा शांतपणें वाट पाहत राहतो. ‘क्यूलॅब’, ‘इसाडोरा’, ‘वॉचआउट’ अशा नांवांच्या संगणक-प्रणाली ह्यासाठीं वापरतात, आणि नव्या विद्यार्थ्यास पहिल्या सहामाहींतच त्यांच्याशीं ओळख करून घ्यावी लागते. चंद्र पद संपेपर्यंत क्षितिजावर थबकून राहूं शकतो. तरीहि थांबण्याची ती सूचना कोणीतरी माणसानें, नटाच्या श्वासाकडे कान लावून, द्यावयाची असते, हें विसरतां कामा नये.

आतां थोडें यंत्राकडे. ह्या विद्येंत प्रवेश करणाऱ्या मुलांस प्रथम चित्रकला येते कीं नाहीं ह्याची धास्ती असते. आमच्या माहितीप्रमाणें त्यांची खरी गांठ पडते ती त्रैराशिकाशीं! प्रत्येक भिंगास एक प्रमाण ठरलेलें असतें: पडद्यापर्यंतचें अंतर भागिलें चित्राची रुंदी. हें प्रमाण दीड असेल तर सहा मीटर रुंदीच्या चित्रासाठीं यंत्र नऊ मीटर दूर ठेवावें लागेल. प्रेक्षागृहांत तें ठेवलें तर नटाची सावली चित्रावर पडते, आणि चित्र नटाच्या तोंडावर पडतें. म्हणून कोणी म्हणेल, पडद्याच्या मागून टाका. युक्ति बरोबर आहे. पण आमच्या कोणत्या नाट्यगृहांत पडद्यामागें नऊ मीटर जागा मोकळी सांपडणार? मग प्रमाण ०·८ असलेलें महाग भिंग आणावें, तरी ४·८ मीटर हवेतच. शेवटीं यंत्र उंच टांगून चित्र तिरपें सोडतात, आणि तिरपेपणामुळें तें वर अरुंद व खालीं रुंद होतें तें गणितानें सरळ करतात.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. दहा हजार ल्यूमेनचें यंत्र सहा मीटर रुंद आणि चार मीटर उंच चित्रावर लावलें, तर चोवीस चौरस मीटरांवर तो उजेड पसरतो. दर चौरस मीटरास सुमारें चारशें सतरा ल्यूमेन आले. हेंच चित्र दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच केलें तर क्षेत्र शहाण्णव चौरस मीटर होऊन वांट्यास केवळ एकशें चार ल्यूमेन राहतात. दुपटीनें मोठें म्हणजे चौपटीनें फिकें. इकडे नटाचा चेहरा दिसावा म्हणून प्रकाशयोजनाकार आपले दिवे चढवितो, त्यांचा उजेड जमिनीवरून उसळून पडद्यावर जातो, आणि चित्र धुतल्यासारखें होतें. ह्या दोघांचें भांडण फार जुनें आहे. ज्यांच्या घरीं एकाच चुलीवर दोन सुगरणींस स्वयंपाक करावा लागला आहे, त्यांस त्याचें स्वरूप अधिक विस्तारानें सांगण्याची गरज नाहीं.

आणखी एक मौज पहा. चितारी काळा रंग कुंचल्यानें लावतो. प्रक्षेपणकारास काळें असें कांहीं टाकतांच येत नाहीं. काळें म्हणजे जेथें उजेड टाकला नाहीं ती जागा. पडदा पांढरा असेल आणि आजूबाजूस उजेड असेल, तर त्याची अमावास्येची रात्र राखाडी दिसते. म्हणून कित्येक कुशल रचनाकार पांढरा पडदा सोडून करड्या रंगाचा पडदा घेतात, किंवा विरळ जाळीचें कापड वापरतात. ह्या जाळीवर पुढून उजेड पाडला कीं ती भिंतीसारखी अपारदर्शक दिसते. पुढचा उजेड मालवून मागचा लावला कीं ती विरून जाते आणि पलीकडचा मनुष्य दिसूं लागतो.

आतां आमच्या विद्यार्थिनीकडे वळूं. तिला वर्गांत पहिला धडा असा मिळाला: एक स्त्री नदीकांठीं कोणाची तरी वाट पाहत आहे, तिचें तीन मिनिटांचें स्वगत, त्यास चित्रांची जोड द्यावयाची. मुलीनें हौसेनें खरी नदी चित्रित करून आणली आणि ती सबंध भिंतीवर वाहती केली. पाणी सुंदर होतें. प्रयोग संपल्यावर शिक्षकांनीं वर्गास विचारलें, ‘त्या बाईनें शेवटचें वाक्य काय म्हटलें?’ कोणासहि सांगतां येईना. आठ दिवसांनीं तिनें तोच प्रवेश पुन्हां केला. ह्या वेळीं भिंत कोरी ठेवली. केवळ पाण्यावरून परावर्तित झालेल्या उन्हाची थरथर त्या स्त्रीच्या पदरावर आणि पायांजवळच्या जमिनीवर पाडली. नदी कोठेंच नव्हती, आणि तरी ती होती. शिवाय स्वगत सर्वांस ऐकूं आलें. ही हकीकत तिनेंच आजीस सांगितली, आणि आजी म्हणाल्या, ‘हें बाकी छान केलेंस हो.’

आमच्या संस्कृत नाटककारांचा मार्ग हाच होता. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत राजा रथांतून हरिणाचा पाठलाग करतो. त्या रंगमंचावर रथ नाहीं, घोडे नाहींत आणि हरिणहि नाहीं. रथाचा वेग नटानें अभिनयानें दाखवावयाचा. पात्र ‘परिक्रम्य’ ह्या एका सूचनेसरशीं रंगमंचावर एक फेरी घेतें आणि अरण्याचा आश्रम होतो. भरतमुनींनीं कक्ष्याविभागाचे नियम घालून दिले ते ह्याचसाठीं. ह्यावरून प्राचीनांस देखाव्यांचें वावडें होतें असें मात्र कोणीं समजूं नये. आहार्य अभिनयांत ‘पुस्त’ म्हणून जो कृत्रिम वस्तूंचा प्रकार सांगितला आहे, त्याच्या भेदांत ‘व्याजिम’ म्हणजे यंत्राच्या साह्यानें चालणारा असाहि एक भेद आहे. आजचा प्रोजेक्टर नाट्यशास्त्रांत कोठें बसवावा असा प्रश्न आल्यास आम्ही तो तेथें बसवूं. फक्त आहार्य हा चार अभिनयांपैकीं एक आहे; उरलेले तीन नटाच्या देहांत, वाणींत आणि चित्तांत आहेत.

पाश्चात्य नाटककारांनाहि ही ओढाताण चुकलेली नाहीं. टेनेसी विल्यम्स ह्यानें ‘द ग्लास मेनॅजरी’ लिहितांना प्रवेशाप्रवेशांत पडद्यावर शब्द आणि चित्रें उमटावींत अशी योजना केली होती. १९४४ सालीं शिकागोस आणि १९४५ सालीं न्यूयॉर्कला प्रयोग झाला त्यांतून ती योजना वगळण्यांत आली, आणि नाटक तिच्यावांचून गाजलें. उलट २०१२ सालीं लंडनच्या नॅशनल थिएटरांत मार्क हॅडन ह्यांच्या कादंबरीवरील ‘द क्युरिअस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ हें नाटक आलें, त्याची चित्रें काढून टाकल्यास नाटकच लंगडें होईल. नायक पंधरा वर्षांचा मुलगा; गणितांत प्रवीण, पण गर्दी, आवाज आणि अनोळखी माणसें ह्यांनीं गोंधळून जाणारा. आलेखाच्या कागदाप्रमाणें चौकटी आंखलेल्या पेटीसारख्या रंगमंचाच्या भिंतींवर आणि जमिनीवर त्याच्या डोक्यांतील आंकडे, नकाशे आणि शब्द उमटत. नेपथ्याच्या बनी क्रिस्टी आणि चित्रांचे फिन रॉस ह्या दोघांस त्याबद्दल लंडनचें ऑलिव्हिए पारितोषिक २०१३ सालीं आणि न्यूयॉर्कचें टोनी पारितोषिक २०१५ सालीं, दोन्ही जोडीनेंच मिळालीं. तेथें पडद्यावर स्थळ दाखविलें नव्हतें, मन दाखविलें होतें.

आपल्या देशांतील उदाहरण द्यावयाचें तर कलकत्त्याच्या मिनर्व्हा नाट्यगृहांत १९५९ च्या अखेरीस उत्पल दत्त ह्यांनीं ‘अंगार’ हें कोळशाच्या खाणींतील मजुरांचें नाटक लावलें. खाणींत पाणी शिरतें आणि अडकलेले मजूर बुडतात, असा शेवट. तापस सेन ह्यांनीं तें चढतें पाणी केवळ दिव्यांनीं दाखविलें. मुंबईस एन्. सी. पी. ए. मध्यें २०१६ सालीं फिरोज अब्बास खान ह्यांनीं ‘मुघल-ए-आझम’ रंगमंचावर आणलें, त्याच्या प्रक्षेपण-रचनेसाठीं जॉन नारून ह्यांस बोलावण्यांत आलें होतें. महाल, शिसमहाल हें सारें तेथें उजेडानें उभें राहिलें. त्या प्रयोगाचें वैभव आम्हांस मान्य आहे. पण वर सांगितलेल्या पदरावरील थरथरीचें शिक्षण त्यांतून मिळणार नाहीं.

राहिला वडिलांचा प्रश्न. अमेरिकेंतील दृश्यकलावंतांच्या संघानें, युनायटेड सीनिक आर्टिस्ट्सनें, २००७ सालीं प्रक्षेपण-रचनाकारांस स्वतंत्र वर्ग म्हणून मान्यता दिली. येल विद्यापीठाच्या नाट्यशाळेंत २०१० सालीं ह्या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला, तो वेंडल हॅरिंग्टन ह्या बाईंच्या नेतृत्वाखालीं. १९९३ सालच्या ‘टॉमी’ ह्या ब्रॉडवेवरील संगीत नाटकाचीं चित्रें त्यांचींच. म्हणजे तेथें हा धंदा म्हणून मान्यता पावला आहे. आमच्याकडे मराठी नाटकाचा संसार दौऱ्यावर चालतो. दुपारीं ट्रक येतो, संध्याकाळपर्यंत नेपथ्य उभें राहतें, रात्रीं प्रयोग, आणि पहाटे सामान पुढच्या गांवीं. प्रत्येक नाट्यगृहाची खोली निराळी, टांगण्याची सोय निराळी. म्हणजे वर दिलेलें गणित रोज नव्यानें मांडावें लागणार. एवढा वेळ आणि एवढा खर्च सोसणारा निर्माता विरळा. म्हणून ह्या मुलीस केवळ नाटकावर निर्वाह होईल असें आश्वासन आम्हीं तिच्या वडिलांस दिलेलें नाहीं. वस्तुसंग्रहालयें, प्रदर्शनें, संगीताचे जलसे आणि ऐतिहासिक वास्तूंवरील प्रकाशखेळ ह्यांत हीच विद्या लागते, आणि तेथें पैसा अधिक आहे. दोन हातांनीं दोन धंदे करण्याची तयारी ठेवावी, हें त्यांस पटलें.

ज्या घरांत असें एखादें मूल आहे, त्यांनीं महागडें यंत्र घेऊन देण्याची घाई करूं नये. जर्मन रंगतंत्रज्ञ आडोल्फ लिनेबाख ह्यानें जो कंदील प्रचारांत आणला, त्यांत भिंग मुळींच नव्हतें. आंतून काळा केलेला एक खोका, त्याच्या तळाशीं एक लहानसा तेजस्वी दिवा, आणि उघड्या तोंडावर रंगविलेली कांच, एवढेंच तें साहित्य. विजेची बॅटरी, बुटांचें खोकें आणि पारदर्शक कागदावर शाईनें काढलेलें झाड ह्यांवर तो घरींहि होतो. धुतलेलें पांढरें धोतर दोरीवर ताणून बांधावें. दिव्याचा बिंदु जितका बारीक, तितकी झाडाची कड स्पष्ट. दिवा पसरट असला तर कड धूसर. कागद दिव्याजवळ नेला कीं झाड वाढतें, दूर नेला कीं लहान होतें. मग घरांतील कोणास तरी त्या धोतरापुढें उभें करून चार वाक्यें म्हणावयास लावावें, आणि प्रेक्षक कोणाकडे पाहत आहेत तें पाहावें.